हळदीचा एच

१८ मे, सोमवार

ही डायरी खताच्या दुकानदाराने जानेवारीत फुकट दिली होती. आजवर फ्रिजवर पडून होती. प्रत्येक पानावर वर एक सल्ला छापलेला आहे. आजचा सल्ला: ‘भेंडीवरील मावा वेळीच ओळखा.’ मावा मी ओळखतो. माणसं ओळखायला वेळ लागतो, म्हणून लिहायला बसलो आहे.

आज मला सत्कार समितीचा अध्यक्ष केलं.

काल अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयांचा हंगाम. ज्याला एरवी सासरी कुणी चहा विचारत नाही, त्यालाही बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि अनारशांचं वाण द्यायचं. तेवढ्यात मनोहररावांच्या लक्षात आलं, की आपल्या हिंगणीच्या जावयाने कारगिलच्या लढाईत हेलिकॉप्टर उडवून वीरचक्र मिळवलं आणि गावाने त्याला अजून साधी शाल दिली नाही. मनोहरराव माजी सरपंच आहेत. खुर्ची गेली, माईक काही सुटला नाही. त्यांनी ठरवलं, बसथांब्याजवळ कमान उभारायची, तिच्यावर कर्नलसाहेबांचं नाव टाकायचं आणि याच महिन्यात सत्कार उरकायचा.

अध्यक्ष मीच का, तर कर्नल कैलास वैरागडे हे माझे जिजाजी. मी त्यांचा साळा. ज्या शब्दाने दुनिया शिवी देते तीच माझी पात्रता, आणि समितीला ती पुरली.

या वीराला मी जवळून ओळखतो. लग्नात कानपिळी माझ्याकडे होती. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो. मी असा पिळला की तेव्हाच्या कॅप्टनसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे शत्रूला जे जमलं नाही ते मी आधीच मांडवात करून ठेवलं होतं.

लढाईची गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही. माझी बहीण ज्योत्स्नाताई सांगायची. बर्फातल्या एका ठाण्यावर जखमी जवान पडलेले, वरून तोफगोळे येत होते. हेलिकॉप्टर कुठे उतरवायचं ते आकाशातून दिसावं म्हणून जमिनीवर मोठा इंग्रजी एच काढतात. पांढऱ्या बर्फावर तो काढायचा कशाने? तर ठाण्यावरच्या स्वयंपाक्याने होती नव्हती ती सगळी हळद ओतून एच काढला. जिजाजी त्यावर उतरले आणि दोन जखमींना घेऊन गेले. दुसऱ्या फेरीला आले तर पंख्याच्या वाऱ्याने एच उडून गेलेला, आणि डब्यात हळद उरली नव्हती. तेव्हा म्हणे तो स्वयंपाकीच, अंगभर पिवळा झालेला, त्या जागेवर जाऊन उभा राहिला. गोळे पडत होते तरी हलला नाही. जिजाजी त्याच्याकडे बघून उतरले. घरी आले तेव्हाही त्यांच्या कानामागे हळद होती. ताई म्हणायची, तुझ्या जिजाजीला दोनदा हळद लागली, एकदा माझ्यासाठी आणि एकदा सरकारसाठी.

मी पोट धरून हसायचो. लढाईत कुठे हळद असते? ताईला लहानपणापासून थापा मारायची सवय होती.

ताई दोन वर्षांपूर्वी सेवाग्रामच्या दवाखान्यात वारली. तेरवी झाली, जिजाजी पुण्याला परतले आणि नंतर इकडे फिरकले नाहीत. सत्कार-बित्कार ठीक आहे. मला ते घरी यायला हवे आहेत. समितीत हे बोललो नाही.

२० मे, बुधवार

फोन केला. सत्काराचं नाव काढताच त्यांनी नाही म्हटलं. मग मी हुकमाचा एक्का काढला. म्हटलं, सत्कार गेला खड्ड्यात, धोंड्याचा महिना आहे, जेवायला या. जावयाला याला नाही म्हणता येत नाही.

ते म्हणाले, “ज्योत्स्ना असती तं आलो असतो, रूपराव. आता कोन्या नात्यानं येऊ?”

मी त्यांना सेलूच्या बाजारातला वांग्यांचा भाव सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

अंजूला सांगितलं तर ती म्हणाली, बायको म्हणून तुमच्यासोबत इतकी वर्षं काढली म्हणून सांगते, तुम्ही फोनवर बोलत जाऊ नका.

२१ मे, गुरुवार

कमानीवर नावाखाली काय लिहायचं, यावर सभा झाली. मी म्हटलं, ‘हिंगणीचे जावई’. मनोहररावांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा समोरच्याने सावध व्हावं.

“रूपराव, राग नोको मानू. लेकच नाई रायली तं जावई कसं लेहाव? भूमिपुत्र लेहू.”

आता जिजाजींचा जन्म कारंजा घाडग्याचा. हायवेवर त्यांच्या वडिलांचा ढाबा होता. भूमी तिकडची, पुत्र तिकडचा, आणि कमान आमची. कारंजेवाल्यांनी पाहिलं तर कमान उचलून नेतील. हे मी सांगितलं तर मनोहरराव म्हणाले की दुसरीही अडचण आहे. वाण जोडीला देतात, एकट्या पुरुषाला वाण नसतं, शास्त्र आहे.

मी उठून काय बोललो ते इथे लिहीत नाही, ही डायरी घरात मुलगीही उघडते. शेवट असा होता की जावई मरेपर्यंत जावई असतो, खात्री नसेल तर तुमच्या जावयाला विचारा, तो तर सहा वर्षं तुमच्याच ओसरीत ठाण मांडून आहे. सभा बरखास्त झाली. माझं अध्यक्षपद टिकलं, कारण ते घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

घरी न जाता कालव्यावर बसून राहिलो. मनोहररावांचा राग आला त्याहून जास्त राग याचा आला, की जिजाजीही तेच म्हणत आहेत. दोघं बरोबर असतील तर ताई गेली त्या दिवशी आमच्या घरातून एक नाही, दोन माणसं गेली. हे मी मान्य करणार नाही.

२४ मे, रविवार

आजचा सल्ला: ‘उन्हाळ्यात जनावरांना भरपूर पाणी पाजा.’ मला कुणी पाजत नाही.

आत्याला सगळं कळलं. चतुराआत्या, वडिलांची बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि आई गेल्यावर तिनेच आम्हा दोघांना वाढवलं. आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं, पण घरातलं भांडण बरोबर ऐकू येतं. मला समोर बसवून म्हणाली, तो लढाईत उतरला कसा ते नीट सांग. मी हळदीच्या एचपर्यंत सांगितलं. पुढची स्वयंपाक्याची गंमत सांगणार तोवर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि हळदीचा डबा हलवून बघू लागली.

मी विचारलं, काय चाललंय?

“तिकडं बरफात अनोळखी पोट्ट्यायनं हळद टाकली तं तो उतरला. आपल्या अंगनात काऊन नाई उतरनार?”

मी अंजूकडे पाहिलं. अंजूने डब्याकडे पाहिलं. वायगावची हळद, वर्षभराची बेगमी.

२५ मे, सोमवार

सकाळी उन्हाच्या आधी अंगण शेणाने सारवलं. आचलने, म्हणजे माझ्या मुलीने, काडीने एच आखून दिला. ती वर्ध्याला कॉलेजात शिकते, त्यामुळे एच तिच्याकडे होता. मी हळद टाकायला डबा उचलला तर आत्याने तो माझ्या हातातून घेतला.

ताईच्या लग्नात हळदीच्या दिवशी आत्या आतल्या खोलीत बसून होती. विधवेचा हात नवरीच्या हळदीला लागत नसे. वाढवलं हिने आणि हळद लावली गावभरच्या बायकांनी.

“ज्योत्स्नाच्या वक्ती मले हात लावू नाई देल्ला,” आत्या म्हणाली. “आता कोन अडवते पाहू.”

कुणी अडवलं नाही. मनोहरराव रस्त्याने चालले होते, तेही बघून पुढे गेले.

एच जरा वाकडा झाला. डावा पाय उजव्यापेक्षा लांब आहे. आचलने गच्चीवरून फोटो काढून जिजाजींना पाठवला. खाली लिहिलं, ‘आत्याआजीने जागा केली आहे.’ मला हे सगळं पोरकट वाटलं. संध्याकाळी मी तीनदा तिचा फोन तपासला.

२६ मे, मंगळवार

उत्तर आलं. एवढंच: ‘वारा कोणीकडून आहे?’

मी म्हटलं, उन्हाने पुण्यातही माणसं बिघडतात. आचलने बाहेर जाऊन मूठभर माती उडवून पाहिली आणि कळवलं, ‘पश्चिमेकडून, आणि फार गरम.’ थोड्या वेळाने दुसरं उत्तर आलं, ‘रविवारी येतो. वर्ध्याहून एसटीने.’

आत्याला ओरडून सांगितलं. ती हसली नाही, काही नाही. फक्त म्हणाली की रविवारपर्यंत हे वाऱ्याने उडेल, रोज सकाळी टाकावं लागेल. अंजूने सेलूहून आणखी हळद मागवली. किराणावाल्याने विचारलं म्हणे, लग्न कुणाचं आहे?

२८ मे, गुरुवार

आचलने तो फोटो मैत्रिणींना पाठवला होता. मैत्रिणींनी आपापल्या घरी. आज तो मला कुठल्याशा क्रिकेटच्या ग्रुपवर परत मिळाला. खाली लिहिलं होतं: ‘हिंगणीत रविवारी लष्करी हेलिकॉप्टर उतरणार. वीर जावयाचे आगमन. सहकुटुंब या.’

दुपारी एक हवालदार आला. उतरायची परवानगी कुठे आहे, असं विचारू लागला. मी सांगितलं, पाहुणे एसटीने येणार आहेत, एसटीला अंगणात उतरायची परवानगी लागत नाही. त्याचा चेहरा पडला. पोरांना घेऊन बघायला येणार होतो, म्हणाला. त्याला चहा पाजून पाठवला.

मनोहररावांना म्हटलं, लोकांना खरं सांगा. ते म्हणाले, गर्दी होऊ दे, सत्काराला बरी दिसते. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाले की फ्लेक्स छापायला गेला आहे. त्यावर काय लिहिलं ते मी विचारलं नाही. आणखी एकदा भांडायचं त्राण नव्हतं.

३१ मे, रविवार

हात पिवळे आहेत, पान पिवळं होत आहे, तरी लिहितो.

आठ वाजल्यापासून माणसं यायला लागली. सेलूची, केळझरची, कुठकुठली. बैलगाड्या सोडून सगळी वाहनं आली. आमच्या कुंपणावर पोरं, गच्चीवर बाया, चिंचेवर तर कोण ते दिसतही नव्हतं. बर्फगोळेवाल्याने नेमकी एचच्या उजव्या पायावर गाडी लावली. मी ओरडत राहिलो की हेलिकॉप्टर येणार नाही. लोक मान हलवून आकाशाकडे बघत राहिले. एक म्हातारा मला समजावत होता की मिलिटरीची गोष्ट आहे, आधी सांगत नसतात.

दहापर्यंत एच संपला. हळद होती ती सगळ्यांच्या चपलांना लागली, उरलेली वाऱ्याने नेली. अंजूने डब्याचा तळ खरवडून दाखवला. आत्या काठी घेऊन बाहेर गेली, गर्दी हटवत अंगणाच्या मधोमध पोचली आणि तिथेच उभी राहिली. सकाळपासून हळद टाकत होती, त्यात वारा, त्यामुळे तिचं पांढरं लुगडं कमरेपर्यंत पिवळं झालं होतं. चेहऱ्यावरही हळद होती. मी जाऊन सांगितलं, आत्या, सावलीत चल, ऊन लागेल.

“मी हटली तं त्याले दिसन कसं?” ती म्हणाली.

काय दिसणार आहे, असं मनात म्हटलं. छत्री आणून तिच्यावर धरली तर तिने ती बंद करायला लावली. हट्टी आहे. आमच्या घरात बायकांना हा रोगच आहे.

अकराच्या लाल डब्ब्याने जिजाजी उतरले. साधा शर्ट, हातात पिशवी, केस पार पिकलेले. थांब्यापासून घरापर्यंत ते गर्दीतून वाट काढत आले आणि एकानेही त्यांना ओळखलं नाही. उलट एकाने त्यांना दटावलं, काका, मध्ये उभे राहू नका, हेलिकॉप्टर येऊन राह्यलं. ते म्हणाले बरं, आणि बाजूने निघाले.

फाटकात आले आणि थांबले. समोर आत्या उभी. मला वाटलं, उन्हाने भोवळ आली, कारण त्यांचा रंगच उडाला. मी पाणी आणायला वळलो तेवढ्यात त्यांनी पिशवी खाली ठेवली, पाय जुळवले आणि कडक सलाम केला. मनोहरराव हार घेऊन माझ्या शेजारी उभे होते. त्यांना वाटलं सलाम त्यांनाच आहे, त्यांनीही उलट सलाम केला.

मग जिजाजी चालत गेले आणि आत्याच्या पुढ्यात उभे राहिले. बर्फगोळेवाल्यानेही घंटी थांबवली.

“उतरला का रे?” आत्याने विचारलं.

“उतरलो, आत्या.”

“जागा बराबर हाय का?”

त्यांनी मान वर करून पाहिलं. आमच्या अंगणावरून विहिरीच्या मोटरीकडे विजेच्या तारा जातात. त्या माझ्या आजवर डोक्यात आल्या नव्हत्या.

“तारा हायेत वरून,” ते म्हणाले. “नियमानं इथं उतरताच येत नाई.”

“मंग?”

“तिथं बी नव्हतं येत.”

आत्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिने दोन्ही पिवळे हात त्यांच्या गालांना लावले. एवढा कर्नल माणूस, सगळ्यांसमोर रडला. मीही रडलो, पण मी गर्दीकडे पाठ केली होती.

सत्कार व्हायचा तसा झाला. मनोहररावांनी भाषणात सांगितलं की साहेबांनी लढाईत चित्त्यावर बसून जखमींना वाचवलं. त्या हेलिकॉप्टरचं नाव चीता होतं, हे त्यांनी अर्धवट वाचलं असावं. आमच्याकडे बोरचं वाघांचं जंगल जवळ, पोरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. एकाने फक्त विचारलं, चित्त्यावर मागे किती जण बसतात? जिजाजी म्हणाले, दोन, पण दाबून चार. शाल घेतली, नारळ घेतला, बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की मी गाडी चालवली, जागा दुसऱ्यांनी दाखवली. बसले. लोकांना भाषण आवडलं नाही, फार लहान झालं.

फ्लेक्स मी तेव्हाच पाहिला. नावाखाली मोठ्या अक्षरात ‘हिंगणीचे जावई’. मनोहररावांकडे पाहिलं तर ते चष्मा पुसत होते.

वाणाच्या वेळी पुन्हा शास्त्र निघणार असं मला वाटत होतं. आत्याने ते निघूच दिलं नाही. अनारशांचं ताट उचललं आणि जिजाजींच्या हातात दिलं. मग मनोहररावांना म्हणाली, तुम्हीपण घ्या एक. त्यांनी दोन घेतले.

१ जून, सोमवार

जिजाजी ताईच्या खोलीत झोपले होते. सकाळी उठले ते थेट आडाजवळ गेले. तिथे अंजू आत्याच्या लुगड्याला साबण लावून घासत होती, डाग हलत नव्हता. आत्या बाजूला बसून म्हणत होती, राहू दे, आता मला कोणाच्या लग्नाला जायचं आहे.

जिजाजींनी लुगडं हातात घेऊन बघितलं. “नोको धू, अंजू. त्या लंगरवाल्या सैपाक्याचा कोट बी असाच रायला. दुसऱ्या फेरीले तो उभा नसता तं मले काईच दिसलं नसतं.”

मी तिथे दात घासत उभा होतो. ब्रश तोंडातच राहिला. म्हणजे ताई खरं सांगत होती. स्वयंपाक्याचंसुद्धा. आणि काल ते फाटकात का थांबले, तेही मला तिथे, तोंडात फेस असताना कळलं. आत्याला तर मी स्वयंपाकी उभा राहिल्याची गोष्ट सांगितलीच नव्हती.

नंतर त्यांनी मला विचारलं, कमानीवर काय लिहायचं ठरलं? मी सांगितलं. ते चहात बिस्किट बुडवून बसले, ते विरघळून तळाशी गेलं. मग म्हणाले, महिनाभर राहीन म्हणतो, चालेल का? मी म्हटलं, जावई इतके दिवस राहत नसतात, लोक नावं ठेवतात. आणि उठून त्यांचा कान पिळला. या वेळी हळू.

आजचा सल्ला: ‘हळदीच्या लागवडीसाठी जमीन तयार ठेवा.’ दुकानदाराची डायरी पहिल्यांदा कामाचं बोलली. वांग्याच्या बाजूला यंदा दोन सऱ्या हळद लावतो. विकायची नाही. घरात जावई आहे, लागत राहील.